पुरुषासाठी योग्य समुपदेशक कसा शोधायचा? (अनुभव आणि माहिती हवी आहे)

शेवटची_लोकल | ११ जून, रात्री ११:४८

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज मुलगा झोपल्यावर बसलोच.

वय ४२. डोंबिवलीत राहतो, नोकरी ऐरोलीला. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वडील गेले. मी एकुलता एक. हॉस्पिटलचं बिल, दहावं-तेरावं, मृत्यूचा दाखला, आईचं फॅमिली पेन्शन, बँका, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं एका फायलीत क्रमाने लावून पूर्ण केलं. नातेवाईक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. मलाही तसंच वाटलं. तेव्हा रडलो नाही. अजूनही रडलेलो नाही.

पुढे सात-आठ महिन्यांनी एका सकाळी ठाण्याला ट्रान्स हार्बरची गाडी पकडताना छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. हात गार, घाम, जीव घाबराघुबरा. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट झाल्या. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ही तपासून घेतलं. सगळं नॉर्मल. मग तेच म्हणाले, "आता एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

मी दाखवलं नाही. एका रात्री जेवताना मुलाच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला आणि मी बेडरूमच्या दारावर जोरात हात आपटला. दाराला पोचा आला, तो अजून तसाच आहे. मुलानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. तो ९ वर्षांचा आहे. मी त्याला आजवर कधी मारलेलं नाही. तरी त्यानं हात डोक्यावर घेतले.

त्यानंतर एका ॲपवरून समुपदेशन सुरू केलं. आमचं घर वन-बीएचके, आई हॉलमध्ये असते, म्हणून खाली पार्किंगमध्ये मोटरसायकलवर बसून व्हिडिओ कॉल. त्या बाई चांगल्या होत्या, पण इंग्रजीत बोलायच्या आणि दर दोन मिनिटांनी विचारायच्या, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं? मी म्हणायचो, ओके. काय वाटलं हे मला खरंच सांगता येत नव्हतं. दोन सेशननंतर बंद केलं. मग स्टेशनजवळच्या एका समुपदेशकांकडे गेलो. पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरचा कर्ता पुरुष असा खचला तर बायको-मुलानं कुणाकडे बघायचं?" हेच मी स्वतःला रोज विचारतो. त्यासाठी हजार रुपये कशाला द्यायचे? उठून आलो. त्याला आता अकरा महिने झाले.

आता पुन्हा प्रयत्न करायचाय. पुरुष समुपदेशक घ्यावा का? मराठीत बोलणारे कसे शोधायचे? कोण खरोखर शिकलेलं आहे आणि कोण नाही, हे आमच्यासारख्याला कसं कळणार? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

कऱ्हाकाठ | १२ जून, सकाळी ७:१०

दादा, तुमची पोस्ट वाचून माझ्या घरातली दोन वर्षं आठवली.

माझ्या नवऱ्याला "समुपदेशक" हा शब्दच चालत नव्हता. "मी वेडा आहे का?" एवढंच. पण झोप लागत नव्हती हे त्यांनाही मान्य होतं. रात्री दोनला उठून गोठ्यात जाऊन बसायचे. म्हणून मी म्हटलं, झोपेचे डॉक्टर आहेत पुण्यात, तिथे जाऊ. खोटं नव्हतं ते. मानसोपचारतज्ज्ञच होते, आणि त्यांनी सुरुवात झोपेपासूनच केली. किती वाजता पडता, किती वाजता जाग येते, जाग आल्यावर डोक्यात पहिलं काय येतं. त्या शेवटच्या प्रश्नावर हे थांबले. मग म्हणाले, "कर्जाचा हप्ता." चौदा वर्षांच्या संसारात मला तो हप्ता माहीतच नव्हता.

मला वाटतं, पुरुष माणूस ज्या दारातून आत यायला तयार आहे ते दार उघडणारा डॉक्टर शोधावा. कुणासाठी ते झोप असेल, कुणासाठी ॲसिडिटी, तुमच्यासाठी छाती.

पारिजात | १२ जून, दुपारी २:३५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सोळा वर्षं काम करते. इथल्या कुणाला मी स्वतः पेशंट म्हणून घेणार नाही, ते योग्य नाही. माहिती मात्र मनापासून देते.

आधी कोण कोण असतं ते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात आणि त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. त्यांचं शिक्षण म्हणजे बहुतेक वेळा दोन वर्षांचं एम.फिल., आणि नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. त्यांना सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, विचारा. परिषदेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो आणि तो विचारल्याचा राग कुणाला येऊ नये. तिसरे समुपदेशक. इथे मात्र गोंधळ आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं कुणाच्या तरी देखरेखीखाली काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. पाटीवर दोघांनाही एकच शब्द लिहिता येतो. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात हेही क्षेत्र येतं, पण आज तुमच्यासमोर बसलेल्या माणसाची पारख तुम्हालाच करायची आहे.

म्हणून पहिली अपॉइंटमेंट घेण्याआधी पाच मिनिटं फोनवर बोला. शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करता, माझ्यासारख्या तक्रारीवर काम केलंय का, मराठीत बोलू शकतो का, स्वतःच्या केसेसबद्दल वरिष्ठांशी चर्चा करता का. हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. जो माणूस एकट्यानेच सगळं जाणतो असं सांगतो, त्याच्यापासून लांब राहा.

आता पुरुष की बाई. तुमच्या मनात ज्याच्यापुढे बोलायला कमी लाज आहे तो घ्या. काही पुरुषांना दुसऱ्या पुरुषापुढे हार मानल्यासारखं वाटतं, काहींना बाईपुढे काही गोष्टी उच्चारवत नाहीत. दोन्ही खरं आहे. पण तुमच्या पोस्टमधल्या दोन अनुभवांत खरी अडचण ती नव्हती. पहिल्या बाईंनी तुमच्याकडे नसलेली भाषा तुम्हाला मागितली. दुसऱ्यांनी तुम्ही ज्या ओझ्याखाली वाकला होता तेच पुन्हा तुमच्या पाठीवर ठेवलं.

पुरुषांचं नैराश्य बरेचदा रडण्यातून दिसतच नाही. चिडचिड, दारू वाढणं, कामात नको इतकं बुडणं, पाठदुखी, छातीत धडधड, बेफाम गाडी चालवणं, लैंगिक इच्छा जाणं असं काहीतरी पुढे येतं. हे ओळखणारा माणूस तुम्हाला "कसं वाटलं" असं विचारून गप्प बसणार नाही. "शरीरात कुठे झालं? तेव्हा हात काय करत होते?" असं विचारेल. आपल्या मराठीत जीव घाबरतो, डोकं भणभणतं, पोटात खड्डा पडतो, घशात आवंढा अडकतो. आपली भावना शरीराच्या भाषेतच राहते. त्या भाषेत काम करणारे लोक आहेत, खूप आहेत.

आणि कृपया, एखाद्याशी नाही जुळलं तर माणूस बदला, उपचार सोडू नका. तुमचे अकरा महिने तिथे गेले. तीन-चार सेशननंतर सरळ सांगता येतं, "मला याचा उपयोग होत नाहीये." चांगला समुपदेशक त्यावर पद्धत बदलेल किंवा स्वतःच दुसरं नाव सुचवेल.

डोंगरवाटा | १२ जून, रात्री ९:०२

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये. आमच्या वडिलांच्या पिढीने काय कमी सोसलं? त्यांना जिवाभावाचे मित्र होते, कट्टा होता. आज तेच राहिलं नाही म्हणून पैसे देऊन ऐकणारा शोधावा लागतो. माझ्या घटस्फोटानंतर मी तीन वर्षं दर रविवारी किल्ले चढलो. त्याने मला तारलं. आधी मित्रांशी बोलून बघा, चालायला लागा.

शेवटची_लोकल | १२ जून, रात्री ११:२०

डोंगरवाटा, राग अजिबात नाही. पण माझ्याकडे मित्र आहेत. कॉलेजपासूनचे सहा जण, दर महिन्याला भेटतो, वीस वर्षं झाली. वडील गेले तेव्हा सहाही जण स्मशानात होते, एकानं तर तीन रात्री हॉस्पिटलात काढल्या. पण तेराव्यानंतर एकदाही कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आमच्यातल्या एकाची नोकरी गेली होती, ते आम्हाला पाच महिन्यांनी कळलं. एकमेकांसाठी रक्त देऊ आम्ही. पण बोलायचं कसं ते आम्हा सहांपैकी एकालाही येत नाही.

पारिजातताई, "तेव्हा हात काय करत होते" हे वाचून बराच वेळ तसाच बसलो. त्या दिवशी ठाण्याला माझ्या उजव्या हातात वडिलांची जुनी छत्री होती.

डोंगरवाटा | १३ जून, सकाळी ६:४०

तुमचं उत्तर वाचलं. माझ्यासोबत किल्ले चढणाऱ्यांपैकीही कुणाला माझा घटस्फोट का झाला ते माहीत नाही. एवढंच लिहितो.

वऱ्हाडी_माणूस | १३ जून, दुपारी १२:१५

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. पुण्या-मुंबईत निवडायला माणसं आहेत, आमच्याकडे तालुक्याला एकही नाही, हेही इथे यावं म्हणून.

माझा बाप कापसाचा शेतकरी. दोन वर्षं बोंडअळी, मग एक वर्ष अतिवृष्टी. बाप बोलेनासा झाला. जेवण अर्ध्यावर सोडायचा. आमच्या गावच्या आशाताई घरोघरी फिरून विचारपूस करतात, त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की यांना लवकर दाखवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सरकारनं २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प म्हणून हे काम सुरू केलं, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. बापाला "दवाखान्यात बीपी दाखवू" म्हणून नेलं. बीपी पण दाखवलं.

तिथले समुपदेशक पोरगेलेसे होते, तिशीचे. मला वाटलं हा काय बोलणार माझ्या बापाशी. त्यानं पहिला प्रश्न केला, "बाबाजी, यंदा लागवड किती, अन् बियाणं कोणतं?" अर्धा तास दोघं शेतीवर बोलले. मग बाप स्वतःहून म्हणाला, "रात्री विहिरीकडे जावंसं वाटते." आम्ही सगळे बाहेर उभे होतो, ते आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवसापासून फवारणीचं औषध घरात ठेवणं बंद केलं, काकाच्या घरी कुलपात ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवडे काही फरक दिसला नाही, आई म्हणे बंद करा. चवथ्या आठवड्यात बापानं स्वतःहून चहा मागितला. हे वाचायला लहान वाटेल. आमच्या घरात त्या दिवशी सण झाला.

दवाखाना लांब असेल तर १४४१६ लावा. केंद्राची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, भाषा निवडताना मराठी निवडता येते. मी स्वतः दोनदा लावला, बापासाठी नाही, माझ्यासाठी.

नाव_नको | १३ जून, रात्री ११:५५

हा आयडी याच पोस्टसाठी काढलाय. इथे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

मला नैराश्यासाठी औषध सुरू झालं. महिन्याभरात मन हलकं झालं, कामावर जाऊ लागलो. पण शरीरसंबंधात अडचण यायला लागली. इच्छाच होईना, आणि झाली तर शेवटपर्यंत पोहोचता येईना. डॉक्टर बाई माझ्या आईच्या वयाच्या. त्या दर वेळी विचारायच्या, "काही त्रास?" मी म्हणायचो, नाही. बायकोला वाटायला लागलं की माझं बाहेर काहीतरी आहे. शेवटी कुणाला न सांगता गोळ्या एका दिवसात बंद केल्या. चार दिवसांत चक्कर, डोक्यात शॉक बसल्यासारखं, चिडचिड, आणि दोन महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट अवस्था.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्याच भेटीत ते स्वतः म्हणाले, "या औषधांनी पुष्कळांना सेक्समध्ये अडचण येते. आली तर लगेच सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते." दोन वाक्यं. कुणी ती आधी बोललं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. पुरुषांसाठी योग्य डॉक्टर म्हणजे काय असं मला विचाराल तर, जो हा प्रश्न आपण लाजण्याआधी स्वतः विचारतो तो.

पारिजात | १४ जून, सकाळी ८:५०

नाव_नको, तुमच्या या पोस्टने किती जणांचं औषध सुटायचं वाचेल ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मनापासून आभार.

सगळ्यांसाठी एवढंच जोडते की नैराश्याची बहुतेक औषधं कामाला लागायला दोन ते चार आठवडे घेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. कुठलंही औषध अचानक बंद करू नका, ते हळूहळू उतरवायचं असतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि डॉक्टरांपुढे तोंडी बोलवत नसेल तर कागदावर एक ओळ लिहून टेबलावर सरकवा. माझ्याकडे अशा बऱ्याच चिठ्ठ्या आल्या आहेत.

कोरडा_रविवार | १४ जून, सकाळी १०:३०

पाच वर्षं दारूशिवाय आहे म्हणून बोलतो. माझ्या दारूखाली काय होतं ते मला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात कळलं. आधी मी तीन समुपदेशकांकडे गेलो आणि तिघांनाही पिण्याचं प्रमाण निम्मं करून सांगितलं. त्यांची चूक नव्हती. खोट्या माहितीवर खरा उपचार कोण करणार? शेवटची_लोकल, तुम्ही पीत असाल, थोडी का असेना, तर पहिल्याच दिवशी खरा आकडा सांगा. मुक्तांगण १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे आमच्या बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट आहे. माझी बायको माझ्याआधी सावरली, आणि ती सावरली म्हणून मला तग धरता आला.

टेम्सकाठी | १४ जून, दुपारी ४:१५

इंग्लंडमध्ये असणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात: एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या टॉकिंग थेरपीजना (समुपदेशनाला) जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, पैसे नाहीत, दुभाषा मागता येतो. मी मात्र दुभाषा नको म्हटलं. ऑफिसचं इंग्रजीत बोलता आलं, पण आजीबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा तोंडातून मराठीच आलं. समोरच्या बाईंनी मला थांबवलं नाही. म्हणाल्या, बोला, मला शब्द कळले नाहीत तरी चालेल. तो माझा सगळ्यात उपयोगी तास होता.

पेठेतली_खोली | १५ जून, रात्री १:५०

मी २६ वर्षांचा आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससीचं चौथं वर्ष. या वेळी पण मेन्स गेली. हजार-पंधराशे रुपये सेशनला देणं मला शक्य नाही, घरून येणारे पैसे मेस आणि अभ्यासिकेत संपतात. घरी सांगू शकत नाही, बाबांनी दीड एकर गहाण ठेवलंय. सगळे झोपलेत. धागा पूर्ण वाचला. यापुढे जगण्यात काही अर्थ वाटत नाही. तरी विचारतो, माझ्यासारख्यासाठी काही आहे का?

शेवटची_लोकल | १५ जून, रात्री २:०४

मी जागा आहे. तू आत्ता एकटा आहेस का? आधी १४४१६ लाव, मराठी निवड. रात्रीही उचलतात. मी इथेच बसलोय, बोलून झालं की लिही. रूममेटला उठव. त्याला राग येणार नाही, खरंच येणार नाही.

वऱ्हाडी_माणूस | १५ जून, रात्री २:११

भाऊ, मी पण आहे. माझा बाप विहिरीचं बोलला म्हणून आज जिवंत आहे. तू इथे बोललास, तसंच आता फोनवर बोल. काही सुचत नसेल तर फक्त एवढंच म्हण की मला मरावंसं वाटतंय. पुढचं ते विचारतील.

पेठेतली_खोली | १५ जून, रात्री ३:०५

लावला. वीस-पंचवीस मिनिटं बोललो. रूममेटला उठवलं, तो चहा आणायला गेलाय, स्वारगेटला मिळतो या वेळी. सकाळी तो ससूनला सोबत येतो म्हणाला.

पारिजात | १५ जून, सकाळी ६:३०

आत्ता वाचलं. बाळा, फोन लावलास हे फार मोठं काम केलंस. ससूनमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा, नाममात्र पैसे लागतात. रांगेत वेळ जाईल, रूममेटला सोडू नकोस. तिथल्या डॉक्टरांना रात्री लिहिलंस ते शब्द तसेच सांग, सौम्य करून सांगू नकोस. ओपीडीची वेळ होण्याआधी पुन्हा तसं वाटलं तर थांबायचं नाही, तडक अपघात विभागात जायचं. पुढे नियमित बोलण्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे, तिथे प्रशिक्षित लोक असतात.

आणि कायद्याची भीती मनात असेल तर ती काढून टाक. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे विचार किंवा प्रयत्न करणाऱ्या माणसाला उपचार मिळणं हा त्याचा हक्क मानलाय. गुप्तता पाळणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाच, आणि गरजेपुरतंच, जवळच्यांना सांगितलं जातं. एमपीएससीच्या कुठल्याही फॉर्मवर ससूनचा केसपेपर जोडावा लागत नाही.

बाकीच्यांसाठी, हा मुलगा अपवाद नाही म्हणून लिहिते. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, नोंदींप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. शंभरातले जवळपास ७२ पुरुष होते. सगळ्यात जास्त नोंदी महाराष्ट्रातल्या, २२,७४६. मी हे आकडे कार्यशाळांमध्ये सांगते तेव्हा पुरुष मान डोलावतात आणि नंतर दारापाशी एखादा रेंगाळतो, सगळे गेल्यावर बोलायला. त्या दारापाशी रेंगाळणाऱ्या माणसासाठी हा धागा वर राहू द्या.

शेवटची_लोकल | २० जुलै, संध्याकाळी ६:२५

सव्वा महिन्याने लिहितोय. सांगतो काय काय झालं.

पारिजातताईंच्या प्रश्नांचा कागद करून चार जणांना फोन लावले. एकानं शिक्षणाचा प्रश्न टाळला. एकीनं तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. तिसरे ठाण्यातले, पन्नाशीचे, आरसीआय नोंदणी असलेले. नंबर विचारला तर लगेच सांगितला आणि म्हणाले, "बरं केलंत विचारलंत." त्यांच्याकडे जातोय. शनिवारी सकाळी आठची वेळ, पन्नास मिनिटं, बाराशे रुपये. व्हिडिओ नको म्हटलं, समोरासमोरच. पार्किंगमध्ये बसून पुन्हा बोलायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी नैराश्य किती आहे ते बघणारी नऊ प्रश्नांची एक छापील प्रश्नावली भरून घेतली, पीएचक्यू-९ म्हणतात. २७ पैकी १४ आले. माझ्या त्रासाला आकडा मिळाला याचंच मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. औषध लागेल का ते बघायला एका मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी छोटा डोस सुरू केला आणि, नाव_नको, मी तुमची ती गोष्ट पहिल्याच दिवशी स्वतःहून विचारली.

पहिली दोन सेशन्स बरीचशी गृहपाठाची झाली. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, अल्बर्ट एलिस यांची पद्धत. "मी खंबीर असलंच पाहिजे" यातला "च" कुठून आला, ते वहीत लिहायचं. मला असं काम आवडतं, इंजिनिअर आहे. पण तिसऱ्या वेळी मी वही उघडली तर ते म्हणाले, "आज वही नको. वडिलांची छत्री कुठे असते?" मी म्हटलं, दारामागे. "पावसाळा सुरू झालाय. वापरता?" मी नाही म्हटलं. ती मी दोन वर्षांत उघडलेलीच नाही. त्या दिवशी ठाण्यालाही ती नुसती हातात होती. आम्ही त्या छत्रीवर पन्नास मिनिटं बोललो. रडू आलं नाही. घसा मात्र दोन दिवस दुखत होता.

मुलाशीही बोललो. त्यांनीच सांगितलं होतं की कारणं द्यायची नाहीत, दाराबद्दल सरळ माफी मागायची. मागितली. तो म्हणाला, "बाबा, ते दार दुरुस्त करायचं का?" सुतार पुढच्या आठवड्यात येतोय. अजून चिडतो मी. परवाच चिडलो. पण या वेळी आधी पोटात गरम होतं ते कळलं, आणि गच्चीवर गेलो.

कऱ्हाकाठ | २० जुलै, रात्री ८:१५

दादा, डोळ्यांत पाणी आलं. एक व्यवहाराचं विचारते. विम्यातून काही मिळतं का? आमचा सगळा खर्च खिशातूनच झाला.

पारिजात | २० जुलै, रात्री ९:४०

२०१७च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, कलम २१ मध्ये ते स्पष्ट आहे. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि समुपदेशन हा ओपीडीचा खर्च. पॉलिसीत ओपीडीचं कलम असेल तर पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. नोकरदारांनी एचआरकडे कर्मचारी साहाय्य योजना आहे का तेही विचारावं. काही कंपन्या ठरावीक सेशन्सचे पैसे देतात आणि नाव कंपनीला कळत नाही. नोंदणी करण्याआधी ही नावाची गोष्ट लेखी घ्या.

पेठेतली_खोली | २३ जुलै, रात्री १०:१०

बरेच दिवस लॉगिन केलं नव्हतं. ससूनला तीनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी डॉक्टर बदलले होते, सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं, तेव्हा निघून यावंसं वाटलं. रूममेट बाहेर बसला होता म्हणून थांबलो. गोळ्या चालू आहेत, झोप येते. बाबांना परवा फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परीक्षेचं नंतर बघू, आधी घरी येऊन जा." पंचमीला जाणार आहे. त्याआधी शुक्रवारी पुढची तारीख आहे.

शेवटची_लोकल | २३ जुलै, रात्री १०:३२

जुना केसपेपर बरोबर घेऊन जा, म्हणजे परत पहिल्यापासून सांगायची वेळ येणार नाही. त्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेव. आणि गावी जाताना गोळ्या मोजून घे, दोन दिवसांच्या जास्त.